फेडून झालेला नवस

कल्पना करा, तुम्ही लॅबमध्ये बसला आहात. बाही वर सारायची, मूठ आवळायची, सुई टोचू द्यायची आणि घरी जायचं. अवघड काहीच नाही. पण घरी किशोरीसारखी बायको असेल तर? बांगडे साफ करता करता ती नुसतं तोंडाकडे बघते, आणि नवऱ्याचं काहीतरी बिनसलंय हे तिला कळतं. काय बिनसलंय, तेवढंच कळत नाही.

तारकर्लीला पर्यटकांना होडीतून फिरवणारा मितेश इंजिनाचं सामान आणायला गोव्याला गेला होता. तिथे दारूच्या भरात एका अनोळखी बाईसोबत राहिला, कंडोम न वापरता. परतीच्या बसमध्ये नशा उतरली आणि भीती चढली. एचआयव्ही झाला असेल तर?

तेव्हापासून तो मोबाईलच्या कॅमेऱ्यात जीभ बघायचा, मानेच्या गाठी चाचपायचा. पर्यटकांना हाका मारून घसा बसला तरी त्याला ते त्याच आजाराचं लक्षण वाटायचं. आठवड्याभराने तो कुणकेश्वराला नवस बोलला आणि त्याने एका खासगी लॅबमध्ये रक्त दिलं. रिपोर्ट निगेटिव्ह! पुढच्याच सोमवारी नारळ, पेढे वाहून त्याने नवस फेडलासुद्धा.

"कसलो नवस ओ?" प्रसादाचं खोबरं चावत किशोरीने विचारलं.

"इंजिनाचो."

"इंजिन तुमच्यापेक्षा बरा आसा! तुमीच मेले भायर खळ्यात जावन निजतास."

मितेश मोकळेपणाने हसला. पण दुपारी जेटीवर गिऱ्हाइकाची वाट बघताना त्याने मोबाईलवर वाचलं, की इतक्या लवकर केलेल्या तपासणीवर भरवसा ठेवायचा नसतो.

ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून तो लांबच्या सरकारी रुग्णालयात गेला. तिथल्या समुपदेशक अक्षया मॅडमनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं.

"लागण झालीच असेल असं नाही," त्या म्हणाल्या. "पण झाली असेल, तरी तपासणीत दिसायला वेळ लागतो. त्या प्रसंगाला सहा आठवडे झाले की या, आणि तीन महिने झाल्यावर पुन्हा. तेव्हाही निगेटिव्ह आली, आणि मध्ये परत असं काही घडलं नसेल, तर विषय संपला. बहात्तर तासांत आला असतात, तर लागण टाळायचं औषध देता आलं असतं."

"माका कोण सांगतलो?" मितेशचं मॅडमसमोर जपलेलं पुस्तकी मराठी गळून पडलं. "ह्या कोणाक विचारूचा तरी कसा?"

मॅडमनी कंडोमची पाकिटं पुढे सरकवली. "तोवर बायकोसोबत हे हवंच. एका ताटात जेवलात, जवळ बसलात, तर काही होत नाही. आणि जमलं तर तिला खरं सांगा."

त्याने पाकिटं उचलली खरी. पण लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि दोघांना मूल हवं होतं. कंडोम दिसला की किशोरी विचारणारच.

घरी पोचला तर ती दारातच उभी.

"खंय होतात? माझा आयका. इंजिनाचो नवस पावलो मा? मगे येत्या सोमवारी पोरासाठी बोलया. जोडीन जावया."

खिशातल्या पाकिटांवर हात घट्ट दाबून मितेश पायरीवरच थांबला. रक्त कधी खरं बोलणार, ते मॅडमनी सांगितलं होतं. पण येत्या सोमवारी, बायकोला शेजारी घेऊन, देवापुढे काय बोलायचं?