बॉनेटवरची पाच बोटं

बालाजीरावांची पांढरी गाडी मुखेडहून भर उन्हात नांदेडला आली, तेव्हा बॉनेटवर कंपनीच्या बॅजला लागून खाकी पॅकिंग टेप चिकटवलेली होती. गाडीच्या रंगावर पॅकिंग टेप! मी बघतच राहिले.

"म्याडम, बॅजभोवतीचे ओरखडे काढा. पण टेपखाली हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "आईनं गाडीच्या पूजेला पाच बोटं कुंकू लावलंय. मी ते कधी पुसू दिलं न्हाई. आता आई न्हाई."

आर्या, निहार, आजीच्या डिटेलिंग वर्कशॉपमध्ये नेमकं काय करतात, असं तुम्ही विचारता. हेच करतात. ते ओरखडे दसऱ्याला बॅजवर बांधलेल्या हाराच्या तारेचे होते. रंगावर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. वरवरचे ओरखडे त्यातच असतात. पॉलिशर नावाचं मशीन तो थर किंचित घासून सपाट करतं.

आमचा मोठा पॉलिशर बॅज आणि टेपमधल्या चिंचोळ्या जागेत मावत नव्हता. लहान दोन होते. ड्युअल अ‍ॅक्शनचं पॅड फिरता फिरता डोलतं, त्यामुळे रंग सहसा तापत नाही. रोटरीचं पॅड जागच्या जागी गोल फिरतं. ते नेमकं चालतं, पण लवकर तापतं.

आमचे जुने पॉलिशवाले सलीमभाई म्हणाले, "डोलणारंच घ्या मॅडम. रोटरीनं रंग जळंल, मग साहेब आपल्याला जाळतील."

"ते डोलत टेपवर चढलं तर?"

त्यांनी दुसरं मशीन उचललं. रोटरीला रुपयाएवढं पॅड लावलं, स्पीड सगळ्यात कमी. सलीमभाई मध्येच थांबून हाताची पाठ पत्र्याला लावून बघत. बालाजीराव त्यांच्या खांद्यावरून वाकलेले.

"जरा हळू घ्या, भाई."

"याच्याहून हळू मंजे बंदच करणं हाय."

ओरखडे गेले. टेपला धक्काही नाही. मी निर्धास्त झाले.

"आता टेप मी काढतो," बालाजीराव म्हणाले.

"थांबा, आधी जरा गरम करून गोंद सैल..." मी म्हणेपर्यंत त्यांनी ती ओढली. कुंकू टेपला चिकटून आलं. पाचही बोटं टेपवर.

पॅड, स्पीड, उष्णता, सगळ्यावर वाद घातला होता. उन्हात गोंद विरघळून कुंकवालाच धरेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"कुणाचा हात लागू न्हाई म्हणून मीच लावली होती," ते म्हणाले.

मी उरलेला गोंद बघायला दिवा तिरपा धरला. पत्र्यावर पाच फिकट गुलाबी ठिपके दिसले.

"तुमच्या आईनं कुंकू तेलात कालवलं होतं का?"

"हाव."

तेलातला रंग उन्हाने क्लिअर कोटमध्ये मुरला होता. आमच्या धंद्यात याला डाग म्हणतात. लोक तो काढायला येतात.

बालाजीरावांनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही. मग दचकून त्यांनी मशीनकडे पाहिलं. "यानं हे निघतं का?"

"अर्ध्या मिनिटात," सलीमभाई म्हणाले आणि त्यांनी पिन बोर्डातून उपसून काढली.

तेव्हापासून गाडी आत घेताना मी मशीनचा विचार नंतर करते. आधी विचारते, घरी यावर काय काय चिकटवलंय?