बाळाचं वजन

मनोविकार विभागात नव्याने लागलेल्या आमच्या मॅडम संशोधनासाठी बाळंतिणींना विचारायच्या, "मन कसं आहे?" उशाशी सासू बसलेली, कोण खरं बोलणार? सगळ्या म्हणायच्या, "छान." विभागप्रमुख हसले, "बाळंतीण रडते, त्यात कसलं आलंय संशोधन?" हसायला यांचं काय जातंय!

मॅडम इरेला पेटल्या. मला म्हणाल्या, "सिस्टर, वजन करायला बाळाबरोबर सासूलाही न्या. तेवढ्यात मी विचारते." त्या दहा मिनिटांत बायका धाय मोकलून रडल्या, मग बोलल्या. त्यातूनच मॅडमचा प्रबंध झाला, अशा बायकांसाठी वेगळा वॉर्ड झाला, मॅडम प्राध्यापक झाल्या.

परवा त्याच, आता निवृत्त झालेल्या प्रमुखांची लेक आमच्याकडे बाळंत झाली. मॅडम खोलीत शिरताच साहेब नातवाला घेऊन उठले. "मी जरा याचं वजन करून आणतो."

वजन मी सकाळीच केलं होतं.