मंगळूबाबाची तार

पिंपळगाव बसवंतला हायवेवर गॅरेजं पायलीला पन्नास, पण सायलेन्सरचं काम निघालं की लोक मनोजच्या गॅरेजकडे बोट दाखवायचे. ते बोट खरं तर मंगळूबाबाकडे असायचं. एक्क्याण्णव साली सुरगाण्याकडून द्राक्षछाटणीला आलेला हा गडी मनोजच्या वडिलांकडे राहिला आणि लोखंडातच रमला. मनोजच्या हातात पहिला पाना दिला तोही त्यानंच.

आता २००३ साल उजाडलं होतं आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. गेल्या महिन्यात त्यानं एका गाडीला भलत्याच जागी भोक पाडलं. आजचं काम झालं की 'आता घरी बसा' म्हणायचं, असं मनोजनं ठरवलं होतं. सकाळपासून मात्र तो ते पुढे ढकलत होता.

काम होतं रंगनाथ पगारांच्या एसयूव्हीचं. गाडी कसली, धूडच ते. नामपूरच्या मार्केटात कांद्याच्या ट्रॅक्टरनं मागून ठोकलेली. मनोजनं चेपलेला बंपर काढून नवा जाडजूड चढवला, तर सायलेन्सरचा नवा पाइप नेमका त्यालाच घासायला लागला.

"हा काही बसत नाही," मनोज म्हणाला.

"बागंची तार आण," म्हणत मंगळूबाबा गाडीखाली शिरला.

द्राक्षाच्या मांडवाची ती जाड तार त्यानं ॲक्सलवरून, स्टेपनीच्या कडेनं, बंपरच्या खालून अंगठ्यानं दाबत दाबत नेली. बाहेर काढली तेव्हा तिला हव्या त्या पाइपाचा आकार आला होता. मग त्यानं पाइपात कोरडी वाळू ठासली, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं ठोकली, मनोजकडून तो लाल होईस्तोवर तापवून घेतला आणि तारेसारखा वाकवला. वाळूमुळे तो कुठेही चेपला नाही. थंड झाल्यावर त्यावर तार ठेवून म्हातारा खिळ्यानं टकटक करत ऐकू लागला. तार टेकलेली तिथे आवाज बद्द यायचा, फट असेल तिथे झणझण.

मनोजनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे मिटलेले होते.

पाइप एका दमात बसला. बंपरपासून सगळीकडे बरोबर दोन बोटं अंतर. पगारांनी गाडी चालू करून चांगली रेस केली, तरी ना खडखड, ना घासणं. ते खूश होऊन गेले.

मनोज हात पुसत म्हाताऱ्याजवळ आला. पण आधी म्हाताराच बोलला.

"मनोजशेट, चैतापासून दुसराबी डोळा गेला. कायबी दिसत नाय. तुला सांगायला जीभ रेटंना. आता जातो मी घरी."

मनोजला स्वतःची भयंकर लाज वाटली. एवढं थोर काम रोज डोळ्यांपुढे चाललं होतं आणि आपण एका भोकाचं घेऊन बसलो होतो.

"उद्या नाशिकला डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं, मी नेतो," तो म्हणाला. "पण आज मला ती तार शिकवा, बाबा."

म्हातारा हसला. त्यानं तार मनोजच्या हातात दिली आणि दारात सकाळपासून उभ्या असलेल्या टेम्पोकडे मान केली.

"शिर खाली. अन् डोळे मीट."