गावाच्या दिवसाची पानं

मी निघाले तेव्हा बिडीच्या तेंदूपत्त्याचा सीझन ऐन भरात होता. अशा दिवसांत पान खुडणं सोडून कोणी घरच्या लग्नालाही जात नाही, तरी अहेरीच्या बसस्टँडवर अर्धं गाव आलं होतं. आमच्याकडे सीझनमधला एक दिवस गावाचा असतो. त्या दिवशी बांधलेल्या पानांच्या सगळ्या पुड्यांचे पैसे ग्रामसभेचे, कोणी किती पुडे आणले हे विचारायचं नाही. त्या वर्षीचा दिवस गावाने माझ्या शिक्षणाला दिला होता. बाबा बसच्या खिडकीशी येऊन म्हणाले, "शिक बाई. अन् मांगून येणाऱ्या पोरींसाठी दार उघडं ठेवजो."

दार माझ्या हातात आहे, असं तेव्हा मलाही वाटलं.

मी शिकायला आले तो हा थंडीचा देश इवलासा, आपल्या विदर्भात सहज मावेल. शिक्षण संपल्यावर इथल्याच युनिव्हर्सिटीत मला नोकरी लागली. सरकारने ठरवलं, बँकांच्या वाढीव नफ्यावर कर लावायचा आणि त्यातून उच्च शिक्षण सगळ्यांना फुकट द्यायचं, परदेशी मुलांनासुद्धा. ते गणित मांडणाऱ्यांत मीही होते. मोठ्या तोऱ्यात गावाला फोन केला: "शेजारच्या सुनीताची बी.एस्सी. झाली ना? पाठवा तिला. फी नाही."

मग बँका म्हणाल्या, सरहद्द दोन तासांवर आहे, आम्ही धंदा तिकडे नेतो. मला हसूच आलं. पानं विकत घेणारा आमचा ठेकेदारही भाव वाढवून मागितला की प्राणहिता नदीपलीकडे बोट दाखवायचा, "तिकडं तेलंगणात पान सस्तं भेटते." एका वर्षी गाव अडून बसलं आणि तो खरंच गेला. पानं झाडावरच जून झाली. बाबा म्हणाले होते, "ठेकेदार थांबते बाई, पान नाई थांबत."

मी हे सरकारसाठी कराचा अहवाल लिहिणाऱ्या आमच्या प्रोफेसरांना सांगितलं. ते म्हणाले, फार सुंदर उदाहरण आहे. त्यांनी ते अहवालाच्या तळटीपेत घातलं. कर निम्मा झाला. फुकट शिक्षण देशातल्या मुलांपुरतं राहिलं, बाहेरच्यांना फी लागली. त्या निर्णयाला जोडलेला तक्ता मीच केला होता. माझा मलाच राग आला, पण रागाने तक्ता बदलत नाही.

लगेच घरी फोन केला. मी काही सांगायच्या आत बाबाच म्हणाले,

"गावाचा दिवस कालच झाला बाई. तुयाच शब्दावर सुनीताच्या तिकिटाले देल्ला."

"बाबा, इथं नियम बदलला."

"मंग सांग ना त्या बँकवाल्याईले. तू तं तिथीच आहेस!"

मी इथेच आहे, हे खरं. माझं इथे कोणी ऐकत नाही, हे बाबांना कसं सांगू? शेवटी ते म्हणाले, "सुनीताले तूच सांगजो. माह्यानं नाई होत."

तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना विचारते: घर म्हणजे आता काय? मला वाटायचं, जिथे परत जाता येतं ते. आता वाटतं, आपला शब्द अजून जिथे चालतो ते. म्हणून तर तिथे फोन करायची भीती वाटते.

काल सुनीताने फोटो पाठवला. मे महिन्याच्या उन्हात, अंगणात, नवा लाल स्वेटर घालून उभी आहे. खाली लिहिलंय, "ताई, तिथच्या थंडीले एवढा पुरते काय?"