न तपासलेलं शून्य

सोलापुरातल्या आमच्या फार्मसी कॉलेजातले एक सर रोज दुपारी मंगळवेढ्याच्या ज्वारीची कडक भाकरी आणतात आणि पहिला तुकडा मला देतात. माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे.

कुठलं औषध कुठल्या प्रथिनाला चिकटेल, हे ते कॉम्प्युटरला ओळखायला शिकवतात. चिकटतं असं सिद्ध झालेल्या जोडीपुढे एक टाकतात आणि कुणी तपासलीच नाही तिच्यापुढे शून्य.

"शून्य म्हणजे चिकटत नाही?" मी एकदा विचारलं.

"म्हणजे कुणी बघितलं न्हाय. पण कायतरी टाकावं लागतंय की, मॅडम."

मी वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेत असते. गुडघ्याचं कारण सांगून सर तो जिना कधी चढत नाहीत. त्यांनी शून्य दिलेली एक जोडी मी तपासली. एक जुनं, स्वस्त औषध आणि क्षयाच्या जंतूतलं प्रथिन. दर वेळी ते चिकटत होतं. मी धावतच खाली गेले.

"वर येऊन बघा की, सर."

"तुमचं बरोबर असंल. पण आता शून्य टाकून झालंय," म्हणत त्यांनी भाकरी पुढे केली.

पुढे कॉम्प्युटर किती शिकला, याची परीक्षा झाली. त्यात माझीच जोडी आली. कॉम्प्युटर म्हणाला, चिकटत नाही. सरांच्या तक्त्यातही शून्यच होतं, म्हणून उत्तर बरोबर धरलं.

त्या दिवशी सर पहिल्यांदा जिना चढून वर आले. माझ्या नळ्या बाजूला सरकवून त्यांनी टेबलावर कॉम्प्युटर पास झाल्याचे पेढे ठेवले.