बाबा पेत नाही याचा कागद

मी अन गज्या थांब्याच्या कठड्यावर बसलो की फक्त एकानं म्हणाचं, "ते रक्ताचं आठवते का बे?" झालं. एक किस्सा निघाला की त्याचा शर्ट धरून दुसरा येते, दुसऱ्याच्या मांगं तिसरा. गज्या माहा चुलतभाऊ. दोघंही दहावीत गणितात गचकलेले. अन आमच्याच घराण्याच्या मांगं पुण्याची एक मॅडम गणित घेऊन लागली होती. आता याले काय म्हणावं सांगा.

*

पहिले बाबाचं सांगतो, नाहीतर बाकीचं समजणार नाही.

माहा बाबा चालला की त्याले रस्ता कमी पडते. पाय फाकवून, झुलत झुलत, इकडून तिकडे. बोलणंही जड. पण जिंदगीत त्यानं दारूचा थेंब घेतला नाही. खोकल्याची बाटली आणली तरी आधी मले वाचाले लावते, "पाह्य रे, याच्यात ते असते म्हणतात." मंग घेतच नाही. आठ आठ दिवस खोकलते.

अन गावात नाव काय? बेवडा.

एकदा जानेफळच्या बाजारातून येताना काळीपिवळीवाल्यानं बाबाले चढू देलं नाही. म्हणे, "काका, गाडीत बायामाणसं हायेत. वास नको."

बाबानं त्याच्या तोंडापाशी तोंड नेलं. "घे वास."

त्यानं घेतला. "कांद्याचा येते."

"हाव, कांदा खाल्ला."

"पेणारे लोकं कांदा त्याच्यासाठीच खातात," म्हणे, अन गाडी काढली. सहा किलोमीटर पैदल आलो आम्ही. बाबा सरळ चालता तं चारच पडले असते.

माह्या ताईचे, म्हणजे रूपालीचे, दोन ठिकाणं याच्यापायीच मोडले. दोघांचं कारण एकच, बाप पेते. तवापासून बाबाले एकच कागद पाह्यजे होता. हा माणूस पेत नाही, ह्याले आजार हाय, असं कोणी मोठ्या माणसानं लिहून देलेलं. एका डॉक्टरनं देलाही कागद. त्याच्यावर लिहिलं होतं, चालताना तोल जातो.

बाबा म्हणे, "साहेब, हे तं गावाले मुखपाठ हाय. काऊन जाते ते लिहा ना."

*

मंग पुण्याची मॅडम आली, घराण्यातून येणाऱ्या आजारांचा अभ्यास करणारी. म्हणे, "नेहमीच्या तपासणीत काही सापडत नाही. आता अख्खं घराणंच मोजावं लागेल."

आमच्या भिंतीवर तिनं मोठा कागद लावला. माणूस म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. आजारी असन तं काळा भराचा. आजा काळा, बाबा काळा. ताई अन मी कोरे. "सध्या कोरे," मॅडम म्हणे, कारण हा आजार निघते तिशी-पस्तिशीनंतर, अन लेकराले येते का नाही ते नाणं उडवल्यासारखं. छापा नाहीतर काटा.

त्या दिवसापासून ताई ओसरीच्या फरशीच्या जोडावरून सरळ चालून पाह्यते, कोणी नसलं की. मले कसं माहीत? मीही तेच करतो, ती नसली की.

पण मॅडम जेवाले बसली तवा मी कागदावर एक काळा चौकोन वाढवून देला. नाव लिहिलं दगडू, आज्याचा भाऊ. मॅडमनं अर्धा तास आईले खोदून खोदून विचारलं. दगडूदादांना त्रास कधी सुरू झाला? दोन्ही पायांत होता का? लग्न झालं होतं का?

आई म्हणे, "लग्न कुठचं मॅडम. बैल होता तो. पाय गेला म्हणून इकला."

मॅडमनं पाणी पेलं. मंग माह्याकडे पाहून म्हणे, "तू शाळेत का जात नाहीस रे?"

*

मॅडमचं गणित मले गावात सगळ्याच्या आधी समजलं, कारण हेडसरनं आमाले असंच पकडलं होतं.

मी शाळेत नसलो की गज्याही नसे. एकदा झालं तं सर म्हणाले, असन बाप्पा योगायोग. दोनदा झालं तरी काही बोलले नाही. दहादा झालं तवा त्याईनं हजेरीचं पुस्तक दोघांच्या बापासमोर टाकलं. "मी यांना तलावावर पाहिलं नाही. पण हे सोबतच जातात."

मॅडमचंही तेच. आजार रक्तात कुठी लपला ते दिसत नाही, पण त्याच्या शेजारची एक खूण दिसते. ज्याले आजार त्याच्यात ती खूण, ज्याले नाही त्याच्यात नाही, असं पिढ्यान् पिढ्या सोबत चाललं की समजाचं, आजार त्या खुणेच्या बाजूलेच बसला हाय. कॉम्प्युटर त्याचा एक आकडा काढते. आकडा तीनच्या वर गेला की पक्कं, मंग योगायोग म्हणाची सोय नाही. आमचा आकडा दोनच्या पुढे अडकला होता.

"तीन झाला की कागद देसान?" बाबा दर खेपेले विचारे.

"देईन हो काका. पण खरी माहिती हवी सगळ्यांची."

खरी माहिती. आमच्या घराण्यात.

*

गज्या सुईले भेते. म्हणून रक्त द्याच्या दिवशी मी एकदा माह्या नावानं देलं अन मंग टोपी घालून, शर्ट बदलून, त्याच्या नावानं. रक्त घेणारा पोट्टा नवा होता, त्याले काय माहीत.

दोन महिन्यांनी मॅडम आली. आई अन काकू ओसरीत तुरीची दाय निवडून राह्यल्या होत्या. बाबा अन नामदेव काका, म्हणजे गज्याचा बाप, ओट्यावर बसले होते. मॅडम जरा घुटमळली अन म्हणे, "एक विचारते, रागावू नका. हा आणि गजानन... जुळे आहेत का?"

काकू म्हणे, "कोणाचे?"

"दोघांचं रक्त एकच आहे. सख्ख्या भावांचंही इतकं नसतं."

आईनं काकूकडे पाह्यलं. काकूनं आईकडे पाह्यलं. मंग दोघींनी सूप बाजूले ठेवलं अन ओट्याकडे पाह्यलं.

काका म्हणे, "मी काहीच केलं नाही."

बाबा म्हणे, "मी तं पेतही नाही."

मले कबूल करा लागलं. मॅडम वरडली नाही, खाली बसली फक्त. काकूनं दायीचं सूप माह्या पाठीत घातलं ते वेगळं. गज्याचं खरं रक्त घ्याले चार माणसं लागले, त्यातला एक त्याच्या पायावर बसला होता.

*

आत्या देऊळगाव राजाले राह्यते. तिलेही हेच हाय, हे सगळ्याले दिसते, पण ती म्हणते गुडघे दुखतात. दहा वर्षांपासून गुडघेच दुखून राह्यले.

मॅडमनं तिले सांगितलं, बोट नाकाले लावा. आत्याचं बोट गेलं डोळ्यात.

"माशी होती," आत्या म्हणे.

दुसऱ्यांदा कानापाशी गेलं.

"अन तुमच्याकडे माश्या नसतात काय हो मॅडम?"

"अहो, तुम्ही कोऱ्या राहिलात तर गणित चुकतं," मॅडम काकुळतीले आली. "तुमच्या भावाचा कागद अडतो."

आत्यानं गुडघे चोळले. तिच्या पोराचं लग्न व्हाचं होतं. मंग म्हणे, "बरं, कर काळा. पण पेन्सिलनं कर."

*

आत्यानं हो म्हटलं तरी आकडा वर चढेना. उलटा खाली आला. मॅडमनं डोक्याले हात लावला. कोणीतरी काळा भरलाय जो काळा नाही, असं तिचं म्हणणं.

तो होता नामदेव काका. काका खरंच पेते. पण मॅडम आल्यावर त्याले समजलं, आपल्या घराण्यात झुलाचा आजार हाय. त्यानं पहिल्याच दिवशी नाव लिहून देलं. तवापासून काकू बोलली की काका म्हणे, "आजारी माणसाले बोलतं काय वं?"

मी त्याच्या बाटलीत पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनं अंगणात चुन्याची रेघ मारली अन काकाले चालाले लावलं. काका पाणी पेऊन आलेला, तरी असा झुले की मॅडमच घाबरली.

मी फाटकापाशी जाऊन वरडलो, "काका, गोऱ्हा सुटला, तुमच्या मक्यात घुसला!"

काका त्या रेघेवरूनच पळाला. सरळ, बाणासारखा. समोरची नाली एका उडीत ओलांडली.

मॅडमनं रबर काढलं.

*

आकडा तीनच्या वर गेला. मॅडमनं फोन करून सांगितलं. कागद टपालानं आला. मोठ्या अक्षरात, शिक्क्यासहित, की ह्या माणसाचा तोल घराण्यातून आलेल्या आजारानं जातो, दारूनं नाही.

बाबानं तो प्लास्टिकच्या पन्नीत घातला अन शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला. शेतात गेला तरी खिशात. वाण्याले दाखवला, हेडसरले दाखवला, त्या काळीपिवळीवाल्याले गाडी थांबवून दाखवला. त्यानं पूर्ण वाचला.

"बसा काका," म्हणे. "पण खिडकीपाशी."

*

मंग डोणगावचे पाहुणे ताईले पाहाले आले. पोरगा, त्याची माय अन त्याचा मामा. बोले तो मामाच. बाबा नवा शर्ट घालून बसला होता, पन्नी वरच्या खिशात. नामदेव काका मांगं भिंतीले टेकून. आज कोणी तोंड उघडलं की कागद काढाचा, असं बाबानं दोन दिवस आधीपासून ठरवलं होतं.

मामा म्हणे, "तुमच्या दारात पुण्याची गाडी येते म्हणतात. रक्त नेतात. काही आजार हाय काय घरात?"

बाबाचा हात खिशावर गेला.

"तसं नाही," मामा म्हणे, "तुमच्याबद्दल आम्ही ऐकलं हाय. पेणारा बाप चालते आमाले. बाप काही पोरीसंग नांदाले येत नाही. पण रक्तातलं काही असन तं ते पोरीसंगच येते. मंग आमाले जमणार नाही. आधीच सांगून टाका."

बाबाचा हात तसाच खिशावर. ताई पोह्याचा ट्रे घेऊन दारात येऊन उभी राह्यली होती.

"पेतो मी," बाबा म्हणे.

मामाच्या तोंडावर एकदम उजेड आला. "मंग सांगाचं ना भाऊ, त्यात काय लाजाचं. कोणती घेता?"

बाबानं माह्याकडे पाह्यलं. मांगून काका हळूच म्हणे, "देशी."

"देशी," बाबा म्हणे.

"किती?"

"एक वाटी."

"वाटी?"

"त्याची वाटी मोठी हाय," काका म्हणे.

"जरा कमी करा," मामा म्हणे. "लग्नाच्या दिवशी तरी सांभाळा."

"करतो कमी."

ताईनं ट्रे खाली ठेवला. "बाबा," म्हणे, "खिशातला कागद दाखवा ना त्याईले."

बाबा खिशावरचा हात न काढता म्हणे,

"कोणता कागद वं?"