दत्तोपंतांचं बिलियस

भिंगारच्या लष्करी दवाखान्यात दत्तोपंतांनी गोऱ्या साहेबांच्या काळापासून कारकुनी केली. साहेब गेले, पंत निवृत्त झाले, पण साहेबांचा एक शब्द त्यांच्या तोंडी राहिला. पित्त खवळो, मळमळो, की जेवण अंगावर येवो, पंत म्हणत, ‘बिलियस’. त्यांच्या सुनेला, शोभाला, याचं हसू यायचं.

घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. सासूबाई कधीच गेलेल्या, आणि नवरा माधव जामखेडला मास्तर, शनिवारी यायचा. गेल्या वर्षी शोभाला दिवस राहिले, तेव्हा सासऱ्यांपुढे मळमळतं म्हणायचं कसं? ती तोंडाला पदर लावून फोडण्या देत राहिली, दुष्काळातलं टँकरचं पाणी वाहत राहिली, आणि तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. पंतांना कळलं तेव्हा त्यांना घास गिळवेना.

यंदा पुन्हा कोरड्या उलट्या सुरू झाल्या. ती मोरीतून बाहेर आली तर पंत पाठमोरे उभे.

"शोभा," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "बिलियस वाटलं की नुसतं सांगत जा. बिलियस माणसानं चुलीपाशी बसायचं नाही, असा दवाखान्याचा नियम आहे."

असा नियम जगाच्या पाठीवर नसणार, हे तिलाही कळत होतं.

तेव्हापासून ती "मामंजी, बिलियस" एवढंच म्हणे आणि पंत पंचा खोचून भाकरी थापायला बसत. तव्यावर नकाशे उतरत. टँकर आला की बायकांच्या रांगेत हंडा घेऊन खुशाल उभे राहत. असा सासरा नवसानंही मिळत नाही. शेजारच्या गोजरबाईनं विचारलंच, "पंत, सून घरात आन् तुमी हंडा घेऊन?" ती बिलियस आहे, असं पंतांनी सांगितलं. बाईला तो भलताच आजार वाटला आणि तिनं त्यांचा हंडा पुढं सरकवला. तीन महिने व्हायच्या आत बोभाटा नको होता, तोही झाला नाही.

मग एका सकाळी फोडणीचा वास आला, तरी शोभाचं पोट शांत. तिला गेल्या वर्षीचा तिसरा महिना आठवला.

"मामंजी, आज बिलियस वाटत नाही."

पंतांचा चेहरा पांढराफटक पडला. टांगा करून त्यांनी तिला नगरला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि हसून सांगितलं, बाळ छान आहे, चौथा महिना लागला की मळमळ बहुधा थांबतेच. "पण बिलियस आता कुणी म्हणत नाही हो, आजोबा."

एरवी आजोबा म्हटलेलं पंतांना खपत नसे. आज ते बाकावर बसले आणि सगळ्यांदेखत उपरण्यानं डोळे पुसू लागले.

शोभा त्यांच्या शेजारी टेकली. "मामंजी," ती म्हणाली, "मला भूक लागलीय." इतकं मोकळं ती त्यांच्याशी कधीच बोलली नव्हती.